तीनशेवा पक्षी

१

पक्षी बघायला जायचं म्हटलं की आत्याची झोप उडायची. या वेळी तर तिने आठवडाभर आधीच झोपेला रजा देऊन टाकली होती. शुक्रवारी पोस्टातली खिडकी बंद करून ती घरी आली, दुर्बिणीच्या काचा पुसल्या, थर्मास धुतला, पुन्हा काचा पुसल्या आणि बूट घालून सोफ्यावर बसून राहिली.

"आत्या, उद्या पहाटे निघायचंय," भाची म्हणाली. "आज बूट घालूनच झोपणार आहेस का?"

"चावतात का ते बघतेय. तू तुझं जाकीट बघ. ते पिवळंधमक घालून आलीस तर मास्तर तुला तलावात बुडवतील."

"माझ्याकडे गरम असं तेवढंच आहे. पक्षी मला बघून पळाले तर पळू देत. मी काय त्यांना बघायला येते का? मी तुझी गाडी चालवायला येते."

हे खरंच होतं. भाची सात वर्षांची असताना तिची आई गेली आणि भावाने तिला थोडे दिवस म्हणून आत्याकडे आणून सोडलं. त्या थोड्या दिवसांना आता वीस वर्षं होत आली होती. लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या आत्याला आयतं मिळालेलं हे लेकरू पक्ष्यांच्या बाबतीत मात्र अगदीच औरंगजेब निघालं होतं. बदक आणि कोंबडी यांतला फरक तिला ताटात वाढल्यावर कळायचा. पण गेल्या वर्षभरात आत्याला गाडी चालवता येईनाशी झाली, तेव्हापासून प्रत्येक सहलीला ती न बोलावता हजर असे.

आत्याच्या डाव्या डोळ्यावर राखाडी पडदा उतरला होता. त्या बाजूला कोणी येऊन उभं राहिलं तरी मान वळवल्याशिवाय तिला पत्ता लागत नसे. आता उजव्या डोळ्यातही तेच सुरू झालं होतं. पुढच्या गुरुवारी त्याचं ऑपरेशन होतं. डोळ्यांचे डॉक्टर "आपण आशा ठेवू" एवढंच म्हणाले होते, आणि पोस्टात तेवीस वर्षं लोकांची गिचमिड अक्षरं वाचत आलेल्या बाईला त्या तीन शब्दांमधलं सगळं नीट वाचता आलं होतं.

आत्याच्या नावावर दोनशे नव्याण्णव पक्षी होते. तिला तीनशेवा हवा होता, आणि तो याच शनिवार-रविवारी हवा होता.

२

जीपमध्ये पाच जण होते. भाची गाडी चालवत होती. तिच्या शेजारी मास्तर, म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षक आणि या गटाचे स्वयंघोषित सरसेनापती. मागे आत्या, दातांचे डॉक्टर आणि वायरमन. डॉक्टरांना पहाटे उठणं हा स्वतःवर झालेला अन्याय वाटायचा, तरी पंधरा वर्षांत त्यांनी एकही सहल चुकवली नव्हती. वायरमन विजेच्या खांबावर चढून चढून पक्षी बघायला शिकलेला, स्वभावाने इतका मऊ की कोणी दुखावू नये म्हणून तो न आवडलेला चहासुद्धा दोनदा मागून घ्यायचा.

हिवाळा संपत आला होता. उत्तरेकडून आलेले पाहुणे परतीची तयारी करत होते, अजून आठ-दहा दिवसांत तलाव रिकामा झाला असता. तलावाच्या काठावर चार खोल्यांचं विश्रामगृह होतं. तिथून निघालेला मातीचा बांध पाण्यात शंभर पावलं शिरायचा आणि त्याच्या टोकाला लाकडी लपण होतं. फळ्यांची लांबट खोली, समोर डोळ्यांच्या उंचीवर एक आडवी फट, आणि फटीसमोर एकच लांब बाक. बाकावर ओळीने बसायचं आणि फटीतून पाण्याकडे बघायचं, एवढाच त्या खोलीचा उपयोग.

मास्तरांचा कायदा कडक होता. समोर बारा वाजलेत असं धरायचं, डावीकडे अकरा-दहा, उजवीकडे एक-दोन. ज्याला पक्षी दिसेल त्याने "दिसला" म्हणून वेळ सांगायची. दुसऱ्या कोणीतरी तो बघून "मलाही" म्हणायचं. दोघांनी बघितला तरच मास्तर वहीत लिहिणार, नाहीतर तो पक्षी आलाच नव्हता. एकट्याने बघितलेल्या पक्ष्याला या गटात किंमत नव्हती. आणि लपणात जे बोलायचं ते कुजबुजत, मान न वळवता, डोळा दुर्बिणीला लावूनच.

"माणसाला एकट्याला काय वाटेल ते दिसतं," मास्तर म्हणायचे. "दोघांना दिसलं की ते असतं."

३

पहिल्या सकाळी पाण्यावर धुकं होतं, पण पातळ. त्यातून एकेक पक्षी उलगडत गेला तसं आत्याचं काळीज सुपाएवढं झालं. चक्रवाकांची जोडी, थापट्या बदकांचा थवा, लांब लाल पायांचे शेकाटे, एका खुंटावर पंख वाळत घालून बसलेले चार पाणकावळे.

"दिसला. एक वाजता. खंड्या."

"मलाही."

"दिसली. दहा वाजता. जांभळी पाणकोंबडी."

"मलाही. पिल्लू आहे का सोबत?"

"कुठे? हो हो, आहे!"

आवाज कुणाचा हे कळायचं कारण नव्हतं. कुजबुजीत बाई-पुरुष, म्हातारं-तरणं असं काही राहत नाही, नुसता श्वास राहतो. मास्तरांची पेन्सिल सरसर चालत होती. दोन तासांत एक्केचाळीस नोंदी झाल्या. भाची मध्येच घोरली तेव्हा मास्तरांनी तिच्या बुटावर बूट ठेवला.

नाश्त्याला टोस्ट आणि अंडी होती. मास्तरांनी नेहमीप्रमाणे वही वाचायला घेतली. प्रत्येक नोंदीपुढे कोणी बघितला आणि कोणी दुजोरा दिला ते जागेवर विचारून भरायचं, ही त्यांची पद्धत.

"सतरावी नोंद. थापट्या, नर, एकटा. डॉक्टरांनी बघितला. दुजोरा कुणाचा?"

आत्याने टोस्ट खाली ठेवला.

"मी त्या वेळी घार बघत होते," आत्या म्हणाली.

"मी नाही," वायरमन म्हणाला. "माझ्या काचेवर वाफ धरली होती."

"मी झोपले होते," भाची म्हणाली. "मास्तर साक्षीदार आहेत, माझ्या अंगठ्याला विचारा."

"मग मलाही म्हणालं कोण? मी ऐकलं म्हणून तर लिहिलं."

"तुम्हीच म्हणाला असाल," डॉक्टर म्हणाले. "वयानुसार होतं असं."

सगळे हसले. मास्तरांनी नाक फुगवून सतरावी नोंद खोडून टाकली. एका थापट्याने कुणाचं काही अडणार नव्हतं, बाहेर साठ थापटे तरंगत होते.

४

दुपारी तीन वाजता ते पुन्हा लपणात जाऊन बसले. ऊन तिरपं झालं होतं. आत्या बाकाच्या अगदी डाव्या टोकाला होती. ती नेहमी तिथेच बसायची, कारण अधू डोळ्याकडे कुणी असलं नसलं तिला सारखंच होतं. सगळी माणसं उजवीकडे असली की बरं पडायचं. तिच्या डावीकडे फळ्यांची भिंत होती आणि भिंतीला लागूनच बाहेर पाणकणसाचं रान सुरू व्हायचं, पुरुषभर उंच, वाळून पिवळं पडलेलं.

तिला हवा होता तो पक्षी याच रानात राहायचा. पाणकणसातला मोठा बगळा. अंगावर तपकिरी पट्टे, आणि चाहूल लागली की चोच सरळ आभाळाकडे करून उभा राहणारा. वाऱ्याने कणसं हलली की तोही त्यांच्यासोबत तसाच हलतो. दहा पावलांवर असला तरी माणसाला गवतच दिसतं. गटाने त्याला बुवा असं नाव ठेवलं होतं, कारण त्याच्याबद्दल बोलायचे सगळे, दर्शन कुणालाच नव्हतं.

आत्या एकेक काडी तपासत गेली. उजव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. तिने ते पुसलं आणि परत पहिल्या काडीपासून सुरुवात केली. साडेचारला वारा पडला. सगळी कणसं थांबली, आणि अकरा वाजण्याच्या दिशेला एका काडीला थांबायला जरा उशीर झाला.

त्या काडीला डोळा होता. पिवळा, गोल, तिच्याकडे रोखलेला.

"दिसला!" आत्याच्या तोंडून निघालं. कुजबुज कसली, तो जवळजवळ हुंदकाच होता. "अकरा वाजता. बुवा. वाकलेल्या कणसाच्या उजवीकडे. बघा, बघा ना लवकर!"

उजवीकडे बाक करकरला. चार दुर्बिणी वळल्या.

"कुठे? कुठलं वाकलेलं? इथे सगळीच वाकलीयत."

"पाण्याच्या कडेला. चोच वर. अरे, तो चाललाय!"

बगळ्याने एक पाय उचलला, कणसांच्या आत ठेवला आणि तो मिटल्यासारखा नाहीसा झाला. चार सेकंद, फार तर पाच. कोणीच बघितलं नाही. आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो आला, आणि मास्तरांच्या कायद्याने तो आलाच नव्हता.

"मलाही," कोणीतरी कुजबुजलं.

"खात्री?" मास्तरांनी विचारलं.

"मलाही दिसला."

मग जो काही गोंधळ झाला तो त्या लपणाने कधी बघितला नसेल. मास्तरांनी स्वतःचा कायदा मोडून मोठ्याने शाबास म्हटलं. डॉक्टरांनी आत्याचा हात इतक्या जोरात हलवला की तिची दुर्बीण त्यांच्याच हनुवटीवर आपटली. भाचीने तिला मागून मिठी मारली आणि कानात ओरडली, "तीनशे! आत्या, तीनशे!" पाण्यावरची सगळी बदकं भर्रकन उडून गेली आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही. आत्या रडत होती, हसत होती, आणि मनातून फार फार सुखी होती.

फक्त एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. तो आवाज डावीकडून आला होता.

५

"तर मग नोंद पूर्ण करू," चहाचा कप खाली ठेवून मास्तर म्हणाले. विश्रामगृहाच्या जेवणाच्या खोलीत अजून उजेड होता. "तीनशेवा. बघितला आत्यांनी. दुजोरा कुणाचा?"

डॉक्टरांनी भाचीकडे बघितलं. भाचीने डॉक्टरांकडे. आत्याने कप बशीवर ठेवला.

"परत तेच का?" मास्तर म्हणाले. "हे बघा, ही नोंद थापट्याची नाही. साक्ष नसेल तर—"

"मी," वायरमन म्हणाला. "मीच म्हणालो मलाही."

"मग मघाशी बोलायला काय झालं होतं?"

"बिस्कीट होतं तोंडात."

मास्तरांनी लिहिलं. आत्याने वायरमनकडे बघितलं, तर तो बिस्किटाच्या पुड्यात डोकं घालून बसला होता.

बाहेर पडवीत तो तिला एकटा सापडला.

"खरं सांग. तू बोललास?"

वायरमनने बुटाने एक खडा सरकवला. "नाही. पण तुम्ही बघितला ना आत्या? तुम्ही खोटं बोलणाऱ्यातल्या नाही. गुरुवारी तुमचं ते ऑपरेशन... एक शब्द बोललो तर माझं काय गेलं?"

"मग तो आवाज कुणाचा?"

"कुणाचा का असेना," वायरमन म्हणाला. "चांगलाच होता की."

अंधार पडायला अर्धा तास होता. आत्या बांधावरून एकटीच लपणापर्यंत गेली. बांधावरचा चिखल घोट्याच्या वर यायचा, सकाळी आल्यापासून सगळ्यांचेच बूट नि विजारी त्याने भरल्या होत्या. रिकामं लपण आतून कोंदट आणि थंड होतं. ती बाकाच्या डाव्या टोकाला बसली आणि पूर्ण मान वळवून डावीकडे बघितलं.

तिच्या खांद्यापासून भिंत वीतभर अंतरावर होती. त्या वीतभर जागेत मांजरसुद्धा बसू शकलं नसतं. कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं, जुनं, धुळीने जड झालेलं, कुठेही न तुटलेलं. दोन फळ्यांच्या मध्ये एक बारीक फट होती, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. तिने फटीला डोळा लावला. पलीकडे नुसती कणसं होती, भिंतीला अगदी खेटून, आणि त्यांच्या बुडाशी कमरेएवढं काळं पाणी.

आवाज फळ्यांवर आपटून परत येतो, तिने स्वतःला समजावलं. उजवीकडचा डावीकडे ऐकू येतो. भाची किंवा डॉक्टर बोलले असतील आणि आनंदात विसरले असतील. पोस्टातही असंच होतं, शिक्का मारलेला असतो आणि कुणी मारला ते कुणालाच आठवत नाही. हे सगळं तिला पटलं. तरी परत जाताना ती बांधावरून जरा जास्तच भरभर चालली, आणि जेवताना वहीतलं ते पान तिने तीनदा मागून बघितलं. तीनशे. तिच्या नावापुढे, पेन्सिलीने, स्वच्छ.

६

रविवारी सकाळी धुकं इतकं दाट होतं की बांधाचं टोक दिसत नव्हतं.

"आज काही दिसणार नाही," डॉक्टर आशेने म्हणाले.

"धुकं विरतं," मास्तर म्हणाले, आणि सगळ्यांना बाहेर पडावं लागलं.

लपणात शिरताना आत्याने वायरमनचा हात धरला. "तू आज माझ्या डावीकडे बस." त्याने कारण विचारलं नाही. आत्या थोडी उजवीकडे सरकली आणि वायरमन टोकाला बसला. आता त्या बाजूला ओळखीचं माणूस होतं. आवाज आलाच तर तो वायरमनचा, इतका साधा हिशोब. आत्याला एकदम मोकळं वाटलं. काल आपण उगाच घाबरलो, असंही वाटलं. तिचे तीनशे झाले होते, आता येईल तो पक्षी बक्षीसच होता.

पाऊण तास पांढऱ्या भिंतीकडे बघून झाल्यावर भाची उठली. "माझे पाय गोठलेत. मी बांधावर जरा फेऱ्या मारते."

"ते जाकीट घालून पाण्याच्या कडेला जाऊ नकोस," मास्तर कुजबुजले.

"पक्ष्यांना सांगा डोळे मिटायला," भाची म्हणाली आणि गेली. दार लागलं. चिखलातून तिच्या बुटांचा पचक-पचक आवाज थोडा वेळ येत राहिला, मग थांबला.

धुकं हलायला लागलं. मध्येच एक भोक पडायचं, त्यातून पाण्याचा तुकडा दिसायचा आणि परत मिटायचा. बाक एकदा करकरला. कोणीतरी जागा बदलली असेल, आत्याने मान वळवली नाही. एका तुकड्यात तिला टिटवी दिसली, दुसऱ्यात चक्रवाक. तिच्या अंगात पुन्हा तीच झिंग चढली. दुर्बीण डोळ्याला घट्ट लावून ती पुढच्या भोकाची वाट बघत बसली.

"दिसली," डावीकडून कुजबूज आली. "अकरा वाजता. कणसांच्या कडेला. एकटीच आहे."

वायरमन, आत्याच्या मनात आलं. काय दिसलं असेल याला? तिची दुर्बीण दोन वाजण्याकडे होती. ती वळवेपर्यंत धुकं मिटणार होतं, हे तिला ठाऊक होतं. उजवीकडे मास्तरांची पेन्सिल कागदावर टेकून थांबल्याचं तिला ऐकू आलं. 'मलाही' कुणी म्हणत नव्हतं. याला साक्ष मिळणार नाही. काल तोंडात बिस्कीट कोंबून याने माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि आज मी गप्प बसू? सगळ्या आयुष्यात आत्याने न बघितलेल्या पक्ष्याला कधी दुजोरा दिला नव्हता.

"मलाही," ती म्हणाली.

पेन्सिल सरसरली. "कोणता पक्षी?" मास्तरांनी विचारलं.

डावीकडून उत्तर आलं नाही.

"वायरमन, पक्षी कोणता?"

"मला विचारताय?" वायरमन म्हणाला. "मी कुठे काय बघितलं?"

तो बाकाच्या उजव्या टोकावरून बोलत होता. तिथे तिवईवर ठेवलेल्या मोठ्या दुर्बिणीपाशी, डॉक्टरांच्याही पलीकडून. कधी उठून गेला होता कोण जाणे.

आत्याने डावीकडे बघितलं नाही. तिने दुर्बीण अकरा वाजण्याकडे वळवली, कारण तिने जे बघितलं असं सांगितलं होतं ते आता बघणं भाग होतं. धुक्यात भोक पडलं. कणसांच्या कडेला, कमरेएवढ्या पाण्यात, पिवळं जाकीट होतं. भाची पाठ ताठ करून उभी होती. हात अंगाला चिकटलेले, मान मागे, हनुवटी सरळ आभाळाकडे. कणसं हलत होती तशी तीही हलत होती.

वारा नव्हता.

७

"खोडा!" आत्या किंचाळली. "मास्तर, खोडा ते!"

"अहो, हळू—"

"आत्ताचं खोडा, मी न बघता बोलले. आणि कालचाही खोडा. तीनशेवा खोडा. त्याला साक्ष नव्हती. हा नव्हता बोलला, कुणीच नव्हतं बोललं!"

मास्तर तोंड उघडं टाकून बघत राहिले. वायरमनने मान खाली घातली. आत्याच्या मनात एकच गोष्ट लख्ख उभी होती. ज्या आवाजाने तिला साक्ष दिली, त्याला तिने परत साक्ष दिली होती. आपली मागे घेतली तर त्यालाही त्याची मागे घ्यावी लागेल, आणि भाची सुटेल. याला काही शेंडाबुडखा नाही हे तिला कळत होतं. तिने मास्तरांच्या हातातून वही ओढली, कालचं पान काढलं आणि तीनशेव्या नोंदीवर पेन्सिल अशी फिरवली की कागद फाटला. मग आजची ओळ खोडली. दोनशे नव्याण्णव. गुरुवारनंतर बहुधा कायमचे. तिला त्या क्षणी त्याचं काडीचंही दुःख झालं नाही.

दार उघडलं.

"काय झालं?" दारात भाची उभी होती. "आत्या, काय झालं?"

आत्याचा जीव भांड्यात पडला. तिने धावत जाऊन तिला कवटाळलं, जाकिटात तोंड खुपसलं, पाठीवरून हात फिरवला. डॉक्टर म्हणाले, "बाप रे, मला वाटलं कोणाला साप चावला." मास्तर मोठ्याने हसले. वायरमन नाक ओढत म्हणाला, "माझंच चुकलं, मीच खोटं सांगितलं." सगळे एकदम बोलायला लागले आणि लपणात घरच्या स्वयंपाकघरासारखा गलका झाला.

"काही नाही झालं," आत्या म्हणाली. "बस तू. कोरडी आहेस ना?"

हो, ती कोरडी होती. जाकीट कोरडं, विजार कोरडी. आत्याने खाली बघितलं. बूट कोरडे होते. त्यांवर चिखलाचा एक ठिपकाही नव्हता, आणि त्या दारापर्यंत यायला बांधाशिवाय दुसरी वाट नव्हती.

"आत्या, काय झालं?" भाचीने परत विचारलं. ती कुजबुजत होती. आता लपणात दुसरं कोणीही कुजबुजत नव्हतं. मग ती बाकाच्या डाव्या टोकाला, आत्याला दिसायचं नाही अशा बाजूला, जाऊन बसली.

आत्या आपल्या जागेवर आली. तिने दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली. अकरा वाजता धुकं फाटलं. पिवळं जाकीट तिथेच होतं. हनुवटी आभाळाकडे. पाणी आता छातीला लागलं होतं.

"दिसली," आत्या म्हणाली. "अकरा वाजता. कणसांच्या कडेला. पाण्यात आहे ती, बघा, सगळ्यांनी बघा!"

तीन दुर्बिणी वळल्या. आत्या वाट बघत राहिली. मास्तरांनी काचा पुसून परत बघितलं.

"नुसतं धुकं आहे, आत्या," ते म्हणाले, कधी बोलत नसत इतक्या हळुवार आवाजात.

"डोळ्यावर ताण आलाय तुमच्या," डॉक्टर म्हणाले. "जरा मिटून बसा."

तिने वायरमनकडे बघितलं. कुणाचंही मन न मोडणारा माणूस, एका शब्दाने त्याचं काय जाणार होतं? वायरमनच्या डोळ्यांत पाणी होतं. "ती इथेच बसलीय ना, आत्या," तो म्हणाला. "तुमच्या शेजारी."

डावीकडे कोणीतरी शांतपणे श्वास घेत होतं.

आत्याने दुर्बीण गळ्यातून काढून बाकावर ठेवली, दार उघडलं आणि बांधावरून सरळ पाण्यात उतरली. पाण्याने पाय कापल्यासारखे झाले. मागून माणसांच्या हाका आल्या, बाक उलटल्याचा आवाज आला, आणि त्या सगळ्याच्या खालून एक कुजबूज, "आत्या, कुठे चाललीस?" ती वळली नाही. दुर्बिणीशिवाय तिला सगळा तलाव राखाडी दिसत होता आणि त्या राखाडीत एक पिवळा ठिपका होता, मोहरीएवढा. तो फक्त तिला दिसत होता. ती त्याच्यावर नजर लावून चालत राहिली, आणि पाणी गळ्यापर्यंत आलं तरी तिने डोळा मिटला नाही.